सतराव्या बाइटमधलं शून्य

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. अण्णा म्हणाले, "सूत कमी भरतंय आणि गठ्ठे जड भरतायत. काटेवाला येऊन बघून गेला, काटे बरोबर हायत म्हणतो. कॉम्प्युटर तेवढा एकदा बघून जा." मग जरा थांबून म्हणाले, "एका माणसाला घरी बसवलंय मी. खरंखोटं कळलं पाहिजे."

शेवटच्या वाक्यामुळे मी दुपारची वाट न बघता निघालो. कारखान्यांतले संगणक, प्रिंटर आणि काटे जोडून देणं हा माझा धंदा आहे, आणि या कारखान्यातल्या दोन्ही काट्यांच्या केबल दोन वर्षांपूर्वी मीच बसवल्या होत्या.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. टॉवेलचा हिशेब मीटरपेक्षा किलोवर जास्त चालतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. किती सूत आत आलं, किती माल बाहेर गेला, मधली घट किती, एवढ्या तीन आकड्यांवर मालकाची रात्रीची झोप अवलंबून असते. म्हणून या शेडमध्ये दोन काटे आहेत. एक दाराशी, सुताची पोती उतरवून घ्यायला. दुसरा पॅकिंगकडे, टॉवेलचे गठ्ठे बाहेर काढायला. दोन्ही एकाच बनावटीचे. पोतं साधारण पन्नास किलोचं, गठ्ठा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा. दोन्ही वजनं इतकी जवळ आहेत ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

दोन काट्यांच्या मधोमध काचेच्या केबिनमध्ये दिवाणजी बसतात. काट्याच्या डब्यावरचा आकडा हमालाला दिसतो, दिवाणजींना दिसत नाही. ते संगणकावर 'सूत' किंवा 'गठ्ठा' निवडून एक बटण दाबतात, आणि पाच किलोच्या वरचं स्थिर वजन मिळालं की प्रोग्रॅम ते नोंदवतो. प्रत्येक काट्याच्या डब्याला मागे नऊ पिनांचं जुन्या पद्धतीचं सीरियल तोंड आहे. तिथून लांब करडी वायर केबिनपर्यंत येते आणि संगणकाजवळ एका छोट्या कन्व्हर्टर केबलमधून यूएसबीत शिरते. लांब पल्ला सीरियल वायरनेच काढला, कारण यूएसबीची केबल या वेगाला पाच मीटरच्या पुढे धरवत नाही. सीरियल वायर पंधरा मीटरपर्यंत निभावते. विंडोजने त्या दोन केबलना कॉम ३ आणि कॉम ४ अशी नावं दिली होती. प्रोग्रॅममध्ये कॉम ३ म्हणजे सूत आणि कॉम ४ म्हणजे गठ्ठा असं मी लिहून दिलं होतं, आणि दोन वर्षं ते बिनबोभाट चाललं.

मी पोचलो तेव्हा दिवाणजींच्या टेबलावर चार दिवसांच्या नोंदींचे कागद पसरलेले होते. सुताचं पोतं दोन-तीन किलोंनी हलकं, गठ्ठा दोन-तीन किलोंनी जड. अण्णांनी त्याचा लावलेला अर्थ चुकीच्या आकड्यांवर उभा असला तरी तर्काला धरून होता. वाटेत कोणीतरी सूत काढतंय, आणि गठ्ठ्यात हिशेबाबाहेरचे टॉवेल भरून पाठवतंय. दोन्ही ठिकाणी हात लागणारा माणूस एकच, उतरवून घेणारा हमाल. तो म्हणत होता, "काट्यावर पन्नास दिसतंय ओ. कागदावर सत्तेचाळीस कसं येतंय ते मला काय म्हाईत?" त्याचं हे वाक्य सगळ्यांनी बचाव म्हणून ऐकलं होतं. खरं तर संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत अचूक निरीक्षण तेच होतं. काटा आणि कागद यांच्यामध्ये काहीतरी बिघडलंय, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरा धागा दिवाणजींकडून मिळाला, तोही सहज बोलता बोलता. "दसऱ्यापासून काटा जरा हळू झालाय. बटण दाबलं की थांबून राहतंय, मग कधीतरी वजन येतंय."

दसऱ्यापासून म्हणजे नेमकं काय झालं, असं मी विचारलं. खंडेनवमीला कारखान्यात मागापासून कात्रीपर्यंत सगळी हत्यारं पुसून पूजेला लागतात. केबिनमधला संगणकही त्या दिवशी बाहेर आला. मागच्या सगळ्या वायरी काढून पोरांनी तो स्वच्छ पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि संध्याकाळी परत जागेवर ठेवून वायरी लावल्या. दोन्ही कन्व्हर्टर काळे, दोन्ही भोकं काळी, एकाखाली एक. चालू केल्यावर सगळं चाललं. कोणतीही चूक स्क्रीनवर आली नाही.

इथे एक कबुली दिली पाहिजे. हे ऐकल्यावरही मी पहिला अर्धा तास ड्रायव्हर, म्हणजे केबल चालवणारा छोटा प्रोग्रॅम, तपासण्यात घालवला, कारण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, कॉम ३ आणि कॉम ४ दोन्ही शाबूत दिसत होते. मग काटेवाल्याचंच वीस किलोचं वजन मागवलं आणि फक्त सुताच्या काट्यावर ठेवलं. डब्यावर २०.०० आलं. संगणकावर 'सूत' निवडून बटण दाबलं तर काहीच येईना, 'गठ्ठा' निवडलं तर त्याच्या चौकटीत २०.००.

केबिनमध्ये कोणी काही बोललं नाही. अण्णांनी ते वजन स्वतः उचलून दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहिलं.

चार दिवस दिवाणजी 'सूत' म्हणून बटण दाबत होते आणि प्रोग्रॅम पॅकिंगच्या काट्याचं वजन उचलत होता. पॅकिंगचा काटा रिकामा असला की पाच किलोच्या वरचं वजन मिळेपर्यंत तो थांबायचा. तोच दिवाणजींचा 'हळू झालेला काटा'. तिकडे गठ्ठा ठेवला गेला की सुताच्या खात्यात सत्तेचाळीस पडायचे. उलट दिशेनंही तेच. काटेवाल्यानं दोन्ही काटे तपासले ते डब्यावरचा आकडा बघून, आणि डबे खरंच बरोबर होते. काट्यापासून कागदापर्यंतची अख्खी साखळी एकदाही कोणी तपासली नव्हती.

दोष सापडला. पण केबल अदलाबदल झाल्या हे संगणकाला का कळलं नाही, हा प्रश्न मला सोडवेना. पेनड्राइव्ह कुठल्याही भोकात घातला तरी विंडोज त्याला ओळखतं. मग या केबलना का नाही?

दोन्ही केबल मी माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला एकेक करून लावल्या आणि त्या स्वतःबद्दल काय सांगतात ते 'एलएसयूएसबी' या आज्ञेनं वाचून काढलं. यूएसबीचं उपकरण जोडलं की काय घडतं ते इथे सांगायला हवं, कारण उत्तर तिथेच आहे.

यूएसबीत उपकरण आपणहून कधी बोलत नाही. हजेरीच्या वेळी बाईंनी नंबर पुकारल्याशिवाय मुलानं तोंड उघडायचं नाही, तसा हा कारभार आहे. केबल भोकात शिरली की तिच्यातला दीड किलोओहमचा एक रोध डेटाच्या दोन तारांपैकी एक वर ओढून धरतो. डी प्लस नावाची तार वर गेली तर उपकरण सेकंदाला १२ मेगाबिटच्या वेगाचं, डी मायनस वर गेली तर दीड मेगाबिटचं. आपण आलो आहोत हे सांगायची त्याला मिळणारी मुभा एवढीच. मग संगणक त्या तारा खाली दाबून उपकरणाला रीसेट करतो. या क्षणी उपकरणाचा पत्ता शून्य असतो. नव्यानं आलेल्या प्रत्येकाचा तोच असतो, म्हणून संगणक एका वेळी एकालाच दारात उभं करतो. पत्ता शून्यवर तो आठ बाइटची विनंती पाठवतो: तुझं वर्णन दे. नंतर १ ते १२७ मधला एक पत्ता नेमून देतो आणि सगळं वर्णन पुन्हा नीट मागून घेतो. हे होईपर्यंत उपकरणानं १०० मिलिअँपियरहून जास्त वीज ओढायची नसते.

ते पहिलं वर्णन म्हणजे डिव्हाइस डिस्क्रिप्टर. बरोबर १८ बाइट. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून प्रत्येक बाइटची जागा ठरलेली आहे. आमच्या केबलमध्ये सीएच३४० ही चिप आहे आणि तिचे अठरा बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, असे:

१२ ०१ १० ०१ एफएफ ०० ०० ०८ ८६ १ए २३ ७५ ५४ ०२ ०० ०२ ०० ०१

पहिला १२ म्हणजे आपल्या मोजणीत १८, वर्णनाची स्वतःची लांबी. पुढचा ०१ म्हणजे हे डिव्हाइस डिस्क्रिप्टर आहे. मग १० ०१, ही यूएसबीची आवृत्ती. लहान बाइट आधी येतो, म्हणून उलटं वाचायचं: १.१०. एफएफ म्हणजे 'मी कुठल्याही ठरलेल्या वर्गातला नाही, माझा ड्रायव्हर वेगळा'. कीबोर्ड किंवा पेनड्राइव्ह आपला वर्ग सांगतात, त्यामुळे त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ८६ १ए उलटं वाचलं की १ए८६, हा उत्पादकाचा क्रमांक, जो यूएसबीची संस्था वाटून देते. २३ ७५ म्हणजे ७५२३, हा उत्पादकानं त्या मालाला दिलेला क्रमांक. विंडोज याच दोन क्रमांकांवरून ड्रायव्हर शोधतं.

शेवटचा बाइट सांगतो की उपकरणाच्या मांडण्या (कॉन्फिगरेशन) किती, इथे एक. त्याच्या आधीचे तीन बाइट नावांचे. नावं या अठरा बाइटमध्ये मावत नाहीत, म्हणून इथे फक्त कितव्या ओळीत नाव आहे तो आकडा असतो. आणि शून्य असेल तर ते नावच नाही. उत्पादकाचं नाव: शून्य. मालाचं नाव: दोन नंबरची ओळ, तिथे 'यूएसबी२.०-सीरियल' असं लिहिलेलं. (आवृत्तीच्या बाइटमध्ये १.१० आणि नावात २.०, ही विसंगती चिपमध्येच आहे. नाव हा फक्त मजकूर असतो, यंत्र त्यावर विसंबत नाही.) आणि सतरावा बाइट, सीरियल नंबर: शून्य.

दोन्ही केबलचे अठराही बाइट सारखे. पुढचं मांडणीचं वर्णन ३९ बाइटचं: ९ मांडणीचे, ९ इंटरफेसचे, ७ प्रमाणे तीन एंडपॉइंटचे, म्हणजे माहितीच्या मार्गांचे. तेही अक्षरशः सारखं. वीज ९६ मिलिअँपियर, वजन आत आणणारा ३२ बाइटचा एक मार्ग, बाहेर जाणारा तेवढाच दुसरा, स्थिती कळवणारा ८ बाइटचा तिसरा. वजन 'आत येतं' म्हणतो तेव्हाही केबल ते ढकलत नसते. संगणक दर खेपेला 'आहे का काही?' असं विचारतो. असेल तर केबल देते, नसेल तर 'नाही' म्हणते.

आता संगणकाच्या बाजूनं पाहा. दोन केबल आल्या, दोघींनी शब्दशः एकच ओळख सांगितली. वेगळं सांगण्यासारखं संगणकाकडे एकच उरलं: कोण कुठल्या भोकात आहे. सीरियल नंबर नसेल तर विंडोज भोकाच्या जागेवरून स्वतःच एक ओळख बनवतं आणि कॉम क्रमांक त्या ओळखीला बांधतं. डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात ती दिसते. तिच्या शेवटच्या भागात जागोजाग 'अँड'चं चिन्ह असतं आणि शेवटी भोकाचा आकडा. म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्याला 'सुताचा काटा' समजत होतो तो कॉम ३ खरं तर संगणकाच्या पाठीवरच्या एका काळ्या भोकाचं नाव होता. खंडेनवमीला केबल एका घराचं अंतर सरकल्या आणि नावं जागीच राहिली. केबल एखाद्या तिसऱ्याच भोकात गेल्या असत्या तर विंडोजनं नवे क्रमांक दिले असते, प्रोग्रॅम अडला असता, दिवाणजींनी त्याच दिवशी मला फोन केला असता आणि कोणावर आळ आला नसता. नेमकी त्याच दोन भोकांत अदलाबदल झाली, म्हणून सगळं चालू राहिलं.

हा चिपचा दोष म्हणता येणार नाही. यूएसबीच्या नियमात सीरियल नंबर ऐच्छिक आहे. पेनड्राइव्हच्या वर्गाला मात्र तो सक्तीचा आहे, निदान बारा आकडी, आणि म्हणूनच पेनड्राइव्ह कुठल्याही भोकात ओळखला जातो. केबल घेताना मी हा फरक पाहिला नव्हता. एकच काटा असता तर या केबलनं जन्मभर काम केलं असतं. दोन काट्यांना एकसारख्या, बिननंबरी केबल लावणं ही निवड माझी होती, आणि ते मी अण्णांना त्याच वेळी सांगितलं.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, ती मला मनापासून आवडली. नावांच्या त्या ओळी युनिकोडमध्ये, एका अक्षराला दोन बाइट अशा असतात, आणि उपकरणानं आपल्याकडे कोणत्या भाषांतली नावं आहेत तेही सांगायचं असतं. भाषांच्या त्या यादीत मराठीला स्वतःचा क्रमांक आहे, हेक्समध्ये ०४४ई. उद्या कोणी सोलापुरात यूएसबी काटा बनवला तर तो संगणकाला 'सुताचा काटा' असं देवनागरीत सांगू शकेल. तशी जागा नियमात ठेवलेली आहे.

उपाय ठरवताना मी तीन गोष्टींचा विचार केला. भोकांवर पट्ट्या चिकटवणं सगळ्यांत स्वस्त, पण पुढच्या खंडेनवमीला ओलं फडकं फिरणारच. प्रोग्रॅममध्ये बदल करून दोन्ही वजनं एकदम दाखवणं चांगलं, पण प्रोग्रॅम दुसऱ्यानं लिहिलेला आणि त्याला वेळ लागणार. म्हणून केबल बदलल्या. नवी पेठेतून एफटीडीआय या कंपनीच्या चिपच्या दोन केबल घेतल्या, कारण त्या चिपमध्ये प्रत्येकीचा वेगळा सीरियल नंबर कारखान्यातच भरलेला असतो. या चिपच्या नकला बाजारात फिरतात आणि काही नकलांमध्ये सगळ्या नगांवर एकच नंबर असतो, म्हणून दुकानातच लॅपटॉप उघडून दोन्ही लावून पाहिल्या. नंबर वेगळे होते, तेव्हा पैसे दिले. किंमत जुन्या केबलच्या काही पट पडली. अण्णांनी कुरकुर केली नाही.

तरीही एक भोक उरतंच, आणि ते दिवाणजींनी पकडलं. "केबलनं आपला नंबर सांगितला. पण काट्यानं कुठं सांगितला?" अगदी बरोबर. वर्णन केबलमधल्या चिपचं असतं. तिच्या पलीकडचा काटा जुन्या सीरियल पद्धतीनं, सेकंदाला ९६०० बिटच्या वेगानं, नुसते आकडे ओतत असतो. त्या पद्धतीत 'मी कोण' हे विचारायची सोयच नाही. नऊ पिनांच्या टोकाला कोणी वायरी बदलल्या तर हाच घोळ पुन्हा. म्हणून त्या टोकाचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळले, सुताच्या काट्याच्या जोडावर निळा आणि पॅकिंगच्या जोडावर लाल रंग लावला. शिवाय रोज सकाळी पहिलं पोतं येण्याआधी वीस किलोचं वजन एकेका काट्यावर ठेवून संगणकावर बघायचं, ते वहीत लिहायचं, असं ठरलं. ते काम दिवाणजींनी मागून घेतलं.

चार दिवसांच्या नोंदी जशाच्या तशा उलटवून भागणार नव्हतं. कुठला गठ्ठा दोनदा मोजला गेला होता, कुठलं पोतं एकदाही नाही. सुताची वजनं पोत्यांवरच्या गिरणीच्या चिठ्ठ्यांवरून भरली, गोदामात उरलेले गठ्ठे पुन्हा काट्यावर चढवले, आणि निघून गेलेल्या मालाचा मेळ बिल्टीवरच्या वजनांशी घातला. संध्याकाळचे सात वाजले. घट नेहमीइतकीच निघाली.

अण्णांनी फोन न करता स्कूटर काढली आणि स्वतः पूर्व भागात त्या हमालाच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या केबल लावायला गेलो तेव्हा तो कामावर होता. कॉम ११ आणि कॉम १२ असे नवे क्रमांक देऊन झाल्यावर मी त्यालाच म्हटलं, "मामा, मागच्या दोन्ही केबल काढा आणि मनाला येईल त्या भोकात लावा." त्यानं एक पुढच्या बाजूला लावली, एक मागे. मग वीस किलोचं वजन उचलून सुताच्या काट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच केबिनच्या आत येऊन स्क्रीनसमोर उभा राहिला. सुताच्या चौकटीत २०.०० आलं. त्यानं वजन उचललं, पॅकिंगच्या काट्यावर ठेवलं, आणि पुन्हा आत येऊन पाहिलं.